संत्रा-सालीच्या बिस्किटाचं पोस्टर कंपनीवाल्यांपुढं कसं ठेवावं?

अंतिमवर्ष_फूडटेक

नमस्कार. नागपूरला फूड टेक्नॉलॉजीच्या शेवटच्या वर्षाला आहे. पुढच्या महिन्यात विभागात विद्यार्थ्यांच्या संशोधनाचं पोस्टर-सत्र आहे आणि यंदा हिंगणा, बुटीबोरी, कळमेश्वर एमआयडीसीतल्या कंपन्यांचे लोकही येणार आहेत. आमच्या गटाचा विषय: नागपुरी संत्र्याची साल वाळवून केलेली पावडर बिस्किटात. मैद्याच्या जागी ०, ४, ८ आणि १२ टक्के पावडर घालून चार प्रकार केले. ८ टक्क्यांचा प्रकार चवीत कंट्रोलच्या (पावडर न घातलेल्या बिस्किटाच्या) जवळ राहिला, १२ टक्क्यांचा कडू लागला. फायबर वाढलं. ४५ दिवस साठवणूक पाहिली.

प्रश्न असे:
पोस्टरवर नेमकं काय ठेवायचं आणि काय काढायचं? परीक्षकांसाठी केलेलं पोस्टर कंपनीवाल्यांना चालतं का? बिस्किटं चाखायला द्यावीत का? कृती पूर्ण लिहिली तर कोणी उचलून नेईल अशी भीती आहे, तिचं काय? आणि कार्यक्रम संपल्यावर त्या माणसांशी संपर्क टिकवायचा कसा? गाइड मॅडम म्हणतात, इंडस्ट्रीतल्या कोणाला तरी विचारून घ्या. म्हणून इथे.

बुटीबोरीचा_भाऊ

परीक्षकाचं पोस्टर आणि कंपनीवाल्याचं पोस्टर एकच असू शकतं, पण डोळा वेगवेगळ्या ठिकाणी जातो. परीक्षक पद्धत आणि सांख्यिकी पाहतो. प्रॉडक्शनवाला पाहतो की हे माझ्या लाइनवर चढवलं तर काय बिघडेल. त्याच्यासाठी उजव्या बाजूला खाली एक पट्टा राखून ठेवा. वरती लिहा ‘कारखान्यात नेताना’. त्यात चार-पाच आकडे. प्रस्तावना निम्मी कापा. संत्र्यात क जीवनसत्त्व असतं हे त्याला शाळेपासून माहीत आहे.

पहिला आकडा बिस्किटाच्या जाडीचा. सालीची पावडर आपल्या वजनाच्या कित्येक पट पाणी धरते, त्यामुळे कणीक घट्ट होते, बिस्किट ओव्हनमध्ये पसरत नाही आणि जाड राहतं. तुम्ही स्प्रेड रेशो (व्यास भागिले जाडी) मोजलाच असेल, पण तो गुणोत्तरात लिहू नका, मिलिमीटरमध्ये लिहा. एका बिस्किटाची जाडी ०.४ मि.मी.ने वाढली तर १२ बिस्किटांच्या पुड्याची लांबी ४.८ मि.मी.ने वाढते. रॅपर आणि पॅकिंग मशीनची कटिंग लांबी ठरलेली असते, म्हणजे पाच मिलिमीटरसाठी नवं रॅपर छापावं लागतं. तुम्हाला हा फरक किरकोळ वाटेल, पण प्लांट मॅनेजर आधी इथंच बोट ठेवतो.

आता तुम्ही म्हणाल, पाणी वाढवून कणीक सैल करू. करता येतं, पण ते जास्तीचं पाणी ओव्हनमधून काढावंच लागतं. बेकिंग लांबतं, सालीतली साखर आधीच तांबूस होते, रंग गडद येतो. कडा कोरड्या आणि मध्य ओला राहिला तर बिस्किट थंड झाल्यावर, कधी कधी दुसऱ्या दिवशी पुड्यातच, केसाएवढी चीर पडून तुटतं. त्याला आम्ही चेकिंग म्हणतो. तुमच्या ८ टक्क्यांच्या नमुन्यात २४ तासांनी शंभरातली किती बिस्किटं चिरलेली निघतात ते मोजा. खर्च शून्य आहे आणि हा आकडा विद्यार्थ्यांच्या पोस्टरवर सहसा दिसत नाही.

तुमचा ओव्हन डेक असणार, म्हणजे ट्रे एका जागी ठेवायचा, १८० अंशाला बारा-पंधरा मिनिटं. कारखान्यात टनेल ओव्हन, बिस्किटं पट्ट्यावरून सरकत जातात, झोनगणिक वेगळं तापमान आणि त्याच्या निम्म्याहून कमी वेळ. म्हणून ‘१८० अंश, १५ मिनिटं’ हा शोध असल्यासारखा ठळक करू नका. त्यापेक्षा बेकिंगनंतरचा ओलावा आणि वजनातली घट लिहा, ती कुठल्याही ओव्हनला लागू पडते.

दुसरा आकडा पावडरीच्या उताऱ्याचा. ओल्या सालीत साधारण ७२ टक्के पाणी धरा. १०० किलो सालीत घन भाग २८ किलो. पावडर ६ टक्के ओलाव्याला आणली तर २८ भागिले ०.९४, म्हणजे जेमतेम ३० किलो. दळण-चाळणीत काही जाणार. म्हणजे एक किलो पावडरीला साडेतीन किलो साल, आणि त्यातलं जवळजवळ अडीच किलो पाणी उडवायचं. एक किलो पाणी उडवायला सुमारे २.४ मेगाज्यूल लागतात. ट्रे ड्रायरची कार्यक्षमता ४० टक्के धरली तर ६ मेगाज्यूल, म्हणजे १.६७ युनिट. अडीच किलोला चार युनिटांच्या वर. त्याला औद्योगिक वीजदराने गुणा, मजुरी आणि साल आणण्याचं भाडं मिळवा, आणि जो भाव येईल तो मैद्याच्या भावाशेजारी लिहा. महाग निघाला तरी लिहा. लपवलं तर समोरचा मनातल्या मनात हिशेब करतोच आणि पुढच्या पोस्टरकडे सरकतो.

ब्लँचिंग केलं असेल, म्हणजे साल गरम पाण्यात उकळून घेतली असेल, तर सांभाळा. कडवटपणा उतरतो, पण विरघळणारी साखर आणि थोडं पेक्टिनही पाण्यात जातं, साल जास्त ओली होते, उतारा घटतो. वरचा हिशेब न उकळलेल्या सालीचा आहे. तुमचा आकडा तराजूवरून घ्या.

तिसरं, साल येणार कुठून? आंबिया बहार साधारण ऑक्टोबर ते डिसेंबर, मृग बहार फेब्रुवारी ते एप्रिल. मधले महिने काय? आपला संत्रा बहुतेक सोलून खाल्ला जातो, त्यामुळे एका जागी साल मिळते ती ज्यूसवाले, पल्प काढणारे आणि संत्रा बर्फीवाले यांच्याकडेच. रसवंतीवरची साल घेतली तर त्यात मोसंबीची साल मिसळलेली असते, आणि उन्हात ढीग पडला की दुसऱ्या दिवशी हिरवी बुरशी धरते. साल निघाल्यापासून ड्रायरमध्ये जाईपर्यंत किती तास गेले, हे पद्धतीत लिहिलंत तर ऐकणाऱ्याला कळेल की तुम्ही कच्च्या मालाचा विचार केलाय.

सेन्सरीवाली

भाऊंनी प्लांटची बाजू सांगितली. मी प्रयोगशाळेची सांगते, कारण क्यूसीवाले (गुणवत्ता तपासणारे) येतात तेव्हा नेमकं इथेच धरतात.

सगळ्यात आधी: तुम्ही ‘फायबर वाढलं’ म्हणता ते क्रूड फायबर की डाएटरी फायबर? आम्ल-अल्कलीत उकळून काढलेलं क्रूड फायबर असेल तर ते पोस्टरवरून काढा, निदान त्यावर दावा करू नका. त्या पद्धतीत पेक्टिन आणि बरंचसं हेमिसेल्युलोज धुऊन जातं, आणि संत्र्याच्या सालीत तर पेक्टिनच भरपूर. लेबलला चालतं ते एन्झाइम वापरून काढलेलं टोटल डाएटरी फायबर, एओएसी या संस्थेच्या प्रमाणित पद्धती ९८५.२९ किंवा ९९१.४३ ने.

आता अंदाज काढून बघा. मैदा अधिक पावडर मिळून १०० भाग, साखर ४५, फॅट ३५, दूध पावडर-मीठ वगैरे १० धरलं तर एकूण १९०. पावडर ८ भाग, म्हणजे पूर्ण बिस्किटात ४ टक्क्यांच्या थोडं वर. सालीच्या पावडरीत डाएटरी फायबर ५५ ते ६० टक्के धरलं तर त्यातून साधारण २.४ ग्रॅम, मैद्यातून सव्वा ग्रॅमच्या आसपास. बेरीज साडेतीनच्या थोडी वर, दर शंभर ग्रॅमला. एफएसएसएआयच्या (केंद्राच्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाच्या) २०१८ च्या दाव्यांच्या नियमांनुसार घन पदार्थात ३ ग्रॅमला ‘फायबरचा स्रोत’ म्हणता येतं, ‘फायबरने समृद्ध’ म्हणायला ६ ग्रॅम लागतात. म्हणजे तुमचं बिस्किट पहिल्या दाव्यात बसेल, दुसऱ्यात नाही. पोस्टरच्या मथळ्यात ‘हाय फायबर’ लिहिलं असेल तर आजच खोडा. नियम माहीत असलेला माणूस पुढचं वाचतच नाही.

‘मैद्याच्या ८ टक्के’ आणि ‘बिस्किटाच्या ८ टक्के’ यातला फरकही स्पष्ट लिहा. निम्मे लोक दुसरं समजतात.

चवीबद्दल. संत्र्याच्या सालीचा कडवटपणा जिभेवर रेंगाळतो. सालीच्या आतल्या पांढऱ्या भागातली लिमोनॉइड्स आणि वरच्या नारिंगी भागातलं तेल, दोन्हींचा हात असतो. नमुने ०, ४, ८, १२ अशा चढत्या क्रमाने दिले असतील तर १२ चा नमुना खाताना आधीच्या तिन्हींचा कडवटपणा जमा झालेला असतो, आणि तुमचा ‘१२ टक्के कडू’ हा निष्कर्ष काही अंशी क्रमामुळे आलेला असू शकतो. तीन आकडी सांकेतिक क्रमांक, प्रत्येकाला वेगळा क्रम, मध्ये किमान दोन मिनिटं, कोमट पाणी आणि साधे मुरमुरे. असं केलं असेल तर पोस्टरवर एका ओळीत सांगा. नसेल केलं तर महिनाभरात पुन्हा होऊ शकतं, एका दुपारचं काम आहे.

पॅनल दहा जणांचं असेल तर ‘ग्राहकांना पसंत’ हे शब्द वापरू नका. दहा-बारा प्रशिक्षित माणसं फरक ओळखायला पुरतात. आवडीबद्दल बोलायला साठ ते शंभर साधे खाणारे लागतात. होस्टेलच्या मेसमध्ये मिळतील.

आणि तीन वेळा मोजणं म्हणजे तीन बॅचेस नव्हेत. एकाच कणकेतली तीन बिस्किटं दळून ओलावा काढला तर ती तुमच्या मोजण्याची अचूकता झाली, कृतीची नाही. वेगवेगळ्या दिवशी मळलेल्या तीन बॅचेस हव्यात. आलेखावरच्या रेषा स्टँडर्ड डेव्हिएशनच्या की स्टँडर्ड एररच्या, हे आलेखाखालीच लिहा.

साठवणूक ४५ दिवस कशात केली? झिप पाऊचमध्ये केली असेल तर त्या आकड्यांना कंपनी किंमत देत नाही, कारण बिस्किट बाजारात बीओपीपीच्या (एका प्लास्टिक फिल्मच्या) थर दिलेल्या लॅमिनेटमध्ये जातं आणि त्याचा ओलाव्याला होणारा अडथळा फार वेगळा असतो. पॅकिंग, तापमान, आर्द्रता तिन्ही लिहा. ‘क्यू-१० दोन धरून (तापमान १० अंशांनी वाढलं की बिघाड दुप्पट वेगाने होतो असं मानून) ४० अंशाचा एक महिना म्हणजे ३० अंशाचे दोन’ असा हिशेब बरेच जण देतात. पण नागपुरात मे महिन्यात बाहेर ४५ अंश आणि बंद ट्रकच्या आत त्याहून जास्त. ३० अंश हे आपल्याकडच्या गोदामाचं तापमान नव्हे. शिवाय सालीतल्या तेलातला मुख्य घटक लिमोनीन हवेशी संयोग पावून जुनाट, वार्निशसारखा वास देतो. फॅट अजून चांगली असते, पेरॉक्साइड व्हॅल्यू (फॅट खवट होण्याचं माप) ठीक येते आणि तरी बिस्किटाला वास मारतो. तेव्हा फक्त पेरॉक्साइडवर विसंबू नका, दर पंधरवड्याला वासाचीही नोंद ठेवा.

अंतिमवर्ष_फूडटेक

बापरे, क्रूड फायबरच आहे आमचं. मॅडमशी बोलून टीडीएफ (टोटल डाएटरी फायबर) बाहेरून करून घेऊ. झिप पाऊचचंही बरोबर ओळखलंत. नवी साठवणूक आता महिन्याभरात बसेल का? आणि पेटंटबद्दल कोणी सांगेल का? गटातला एक जण म्हणतो, आधी पेटंट, मगच पोस्टर.

सेन्सरीवाली

पूर्ण नाही बसणार. आहे ते ‘झिप पाऊच, खोलीचं तापमान’ असं प्रामाणिकपणे लिहा, आणि आजच लॅमिनेटमध्ये सील करून ३८ अंश, ९० टक्के आर्द्रतेला लावा. कार्यक्रमापर्यंत चार आठवड्यांचे आकडे हातात येतील. ते ‘चालू आहे’ म्हणून दाखवा. चालू कामावर लोक उलट जास्त बोलतात.

कागदपत्रवाला

तुमच्या मित्राचं म्हणणं क्रमाच्या बाबतीत बरोबर आहे. पोस्टर लावलं किंवा स्मरणिकेत सारांश छापला गेला की ते प्रकाशन धरलं जाऊ शकतं आणि नावीन्य जातं. पेटंट कायद्याच्या कलम ३१ मध्ये काही प्रदर्शनं आणि विद्वत्सभेत वाचलेले निबंध यांना १२ महिन्यांची सवलत आहे, पण ती अरुंद आहे. विभागातलं पोस्टर-सत्र तिच्यात बसेल असं गृहीत धरू नका. लक्षात घ्या, सारांश पोस्टरच्या आधी जातो. तो पाठवायच्या आधीच निर्णय हवा.

मार्ग असा: प्रोव्हिजनल (तात्पुरता) अर्ज, फॉर्म १ आणि फॉर्म २. ऑनलाइन भरला तर व्यक्ती किंवा शैक्षणिक संस्थेला शुल्क १,६०० रुपये. त्यानंतर १२ महिन्यांत पूर्ण विनिर्देश (शोधाचं सविस्तर वर्णन) द्यायचा, नाहीतर अर्ज सोडून दिल्यासारखा होतो. अर्जदार बहुधा विद्यापीठ किंवा संस्था असते, तुम्ही आणि गाइड संशोधक म्हणून. संस्थेचं आयपी (बौद्धिक संपदा) धोरण काय म्हणतं ते मॅडमना विचारा. स्वतःच्या नावाने परस्पर भरू नका, पुढे भांडण होतं.

पण खरं सांगू का, पेटंट कशावर मागणार? सालीची पावडर बिस्किटात घालणं नवीन नाही, जगभर त्यावर निबंध आहेत. कलम ३(ई) नुसार नुसतं मिश्रण, ज्यात घटकांच्या गुणांची फक्त बेरीज होते, ते पेटंटला चालत नाही. बेरजेपेक्षा जास्त काही घडतं हे आकड्यांनी दाखवावं लागतं. तुमच्याकडे वाचवण्यासारखं काही असेल तर ते कडवटपणा काढण्याच्या पायरीत असेल: किती तापमान, किती मिनिटं, पाण्यात काय घातलं, किती वेळा पाणी बदललं. ती पायरी पोस्टरवर ‘पूर्वप्रक्रिया’ एवढ्यावर ठेवा आणि बाकी मोकळेपणाने लिहा. परीक्षकाने विचारलं तर ‘अर्जाचा विचार चालू आहे’ सांगितलं की पुरतं, त्याचे गुण कोणी कापत नाही.

नागपुरात असूनही पुष्कळ विद्यार्थ्यांना माहीत नसतं, पण बौद्धिक संपदेचं प्रशिक्षण देणारी केंद्र सरकारची राष्ट्रीय संस्था आपल्या सिव्हिल लाइन्समध्येच आहे, राजीव गांधी राष्ट्रीय बौद्धिक संपदा व्यवस्थापन संस्था. मॅडमचं पत्र घेऊन जा, शोध-अहवाल (असं आधी कोणी केलंय का याचा) कसा काढायचा ते विचारा.

आणखी एक. नागपुरी संत्र्याला २०१४ पासून भौगोलिक निर्देशन (जीआय) आहे, म्हणजे ते नाव त्या भागातल्या मालासाठी राखीव आहे. पोस्टरवर नाव लिहायला हरकत नाही, पण उद्या कोणी पुड्यावर ‘नागपूर संत्रा’ छापायचं म्हणालं तर अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंदणीचा प्रश्न येतो. हे तुम्ही आपणहून सांगितलं तर समोरच्याला बरं वाटतं.

फ्लेक्स_आणि_फॉन्ट

छपाईचं थोडक्यात. आयोजक मिलिमीटरमध्ये लिहितात आणि फ्लेक्सवाले फुटात बोलतात. ए-झिरो म्हणजे ८४१ × ११८९. सीताबर्डीच्या दुकानात ‘तीन बाय चार करून देतो’ म्हणतात, ते ९१४ × १२१९. दोन्हींचं गुणोत्तर वेगळं, म्हणून फाइल ताणली की गोल तक्ते अंडाकृती होतात आणि बिस्किटाचा फोटोही. आणि तुमचं पोस्टर तर बिस्किटाच्या आकारावर आहे! आधी बोर्डाचा आकार विचारा, फाइल त्याच मापाची करा.

पीडीएफ द्या, प्रेझेंटेशनची फाइल देऊ नका. दुकानाच्या संगणकावर तुमचा फॉन्ट नसला तर अंशाचं चिन्ह, ± आणि मायक्रोचं चिन्ह यांच्या जागी चौकोन येतात. चकचकीत फ्लेक्सवर हॉलमधले दिवे चमकतात, मॅट मागा. मथळा ८० पॉइंटच्या पुढे, मजकूर २४ च्या खाली नको. दोन मीटरवरून वाचता आलं पाहिजे, हे दुकानातच उभं राहून तपासा. दुहेरी टेप उन्हाळ्यात फ्लेक्सवरून सुटतो, सोबत मोठ्या बाइंडर क्लिपा ठेवा.

बुटीबोरीचा_भाऊ

चाखायला द्यायचं विचारलं होतं, ते राहिलंच. द्या, पण मॅडमची परवानगी घेऊन, आणि कंट्रोलसोबत. नुसतं ८ टक्क्यांचं दिलं तर माणूस ‘छान आहे’ म्हणून निघून जातो. दोन्ही शेजारी ठेवली की तो तुलना करतो आणि तोंड उघडतो. दोन-दोन बिस्किटांचे छोटे सीलबंद पुडे करा. ताटात उघडी ठेवली तर अर्ध्या-पाऊण तासात मऊ पडतात, पावडर पाणी ओढते ना. कार्डावर गहू आणि दूध ही अ‍ॅलर्जीची नावं, बॅच आणि तारीख. प्रत्येक बॅचचे दोन पुडे राखून ठेवा.

आता बोलायचं कसं. पोस्टर वाचून दाखवू नका. माणूस थांबला की तीस सेकंदांत एवढंच: ‘सर, मैद्याच्या ८ टक्के जागी संत्रा-सालीची पावडर. फायबरचा स्रोत म्हणता येतं, समृद्ध नाही. बिस्किट इतक्या मिलिमीटरने जाड होतं, ते कमी करायला आम्ही पावडर बारीक करून पाहिली. तुमच्याकडे रोटरी मोल्डर आहे की वायर-कट?’ (दोन्ही कणकेला आकार देणारी यंत्रं.) शेवट प्रश्नाने करा. तो उत्तर देतो तेव्हा त्याची खरी अडचण तुम्हाला कळते, आणि ती वहीत लिहून घ्या, त्याच्या समोर. ‘माहीत नाही, मोजून कळवतो’ म्हणायला लाजू नका, ते तर पुढच्या संपर्काचं निमित्त आहे. ‘मोजलेलं नाही, पण चालेल बहुतेक’ हे मात्र म्हणू नका. तिथंच विश्वास उडून जाते, बाप्पा.

कोणाला शोधायचं तेही सांगतो. सगळे पोट्टे मोठ्या ब्रँडच्या एचआरच्या मागं धावून राहिले असतात. त्यांच्या हातात काही नसतं. प्रॉडक्शन किंवा क्यूसीचा माणूस धरा. त्याहून कामाचे म्हणजे कच्चा माल पुरवणारे, फ्लेवर, एन्झाइम, इमल्सिफायर विकणारे. त्यांचं कामच नवीन फॉर्म्युले करून दाखवणं, त्यांच्या स्वतःच्या अ‍ॅप्लिकेशन लॅब असतात आणि विद्यार्थ्यांना वेळ देतात.

वर्धारोड

भाऊंच्या यादीत एक गट जोडतो. बिस्किटाची मोठी कंपनी तुमची पावडर घेईल ही शक्यता कमी, कारण तिला वर्षभर एकसारखा माल टनांनी लागतो. पण लहान प्रक्रियावाले आणि बचत गट घेऊ शकतात. २०२० पासूनच्या केंद्राच्या सूक्ष्म अन्नप्रक्रिया योजनेत, पीएमएफएमईमध्ये, नागपूर जिल्ह्यासाठी ठरवलेलं एक उत्पादन संत्राच आहे. प्रकल्प खर्चाच्या ३५ टक्के, कमाल १० लाख रुपये, कर्जाशी जोडलेलं अनुदान. नवे अर्ज चालू आहेत का ते जिल्हा कृषी अधीक्षकांच्या कार्यालयात विचारा. अशा युनिटला तुमचं बिस्किट नको असतं, त्याला वाळवण्याची रीत हवी असते: सालीचे काप किती जाड, ट्रेवर चौरस मीटरला किती किलो, ६० अंशाला किती तास, ओलावा किती झाला की थांबायचं. ते वेगळ्या एका पानावर साध्या मराठीत छापून न्या.

भेटण्याच्या जागा: विदर्भ इंडस्ट्रीज असोसिएशन, बुटीबोरी मॅन्युफॅक्चरर्स असोसिएशन यांचे कार्यक्रम, हिवाळ्यातलं अ‍ॅग्रोव्हिजन हे कृषी प्रदर्शन. संत्र्यावरच काम असल्यामुळे अमरावती रोडच्या केंद्रीय लिंबूवर्गीय फळ संशोधन संस्थेत एकदा पोस्टरची पीडीएफ घेऊन जा. आणि विद्यापीठाच्या ‘आविष्कार’ या संशोधन स्पर्धेत हेच काम घालणार असाल तर गट नीट निवडा, तोच विषय शेती गटात वेगळा मांडावा लागतो आणि अभियांत्रिकी-तंत्रज्ञान गटात वेगळा.

कार्यक्रमानंतर दोन दिवसांच्या आत ईमेल. विषयात ‘पोस्टर-सत्रातील भेट’ असं मोघम नको, ‘संत्रा-साल बिस्किट: तुम्ही विचारलेला चेकिंगचा आकडा’ असं. मजकूर सहा-सात ओळी, जोडपत्र एकच पान, मेगाबाइटच्या आत. आणि मागणी लहान. ‘तुमच्या लाइनवर ट्रायल घ्या’ म्हणू नका. मोठ्या मिक्सरची एक कणीक दोनशे-तीनशे किलोची, ती बिघडली तर कोण भरणार? त्याऐवजी त्यांचाच मैदा आणि फॅट पाच-पाच किलो मागा आणि तुमच्या लॅबमध्ये त्यावर बिस्किटं करून आकडे पाठवा. ते देणं त्यांना जड नाही, आणि आकडे त्यांच्या मालावरचे असल्यामुळे वाचले जातात. इन-प्लांट ट्रेनिंगचं पत्र त्यानंतर मागितलं की मिळण्याची शक्यता वाढते.

अंतिमवर्ष_फूडटेक

सगळ्यांचे खूप आभार. एकच शेवटचा प्रश्न. परवा वर्गात सराव करताना एका सरांनी विचारलं, ‘सालीवरच्या कीटकनाशकांचं काय?’ आम्ही साल तीनदा नळाच्या पाण्याने धुतली होती, तेवढं सांगितलं. ते समाधानी दिसले नाहीत.

सेन्सरीवाली

दिसणारच नाहीत. फवारणीचे अवशेष फळाच्या गरापेक्षा सालीत जास्त असतात, आणि त्यातले बरेच तेलात विरघळणारे असल्याने सालीच्या तेलात आणि मेणाच्या थरात बसतात. साध्या पाण्याने वरची धूळ जाते, ते जात नाहीत. शिवाय भाऊंच्या हिशेबाने साडेतीन किलो सालीची एक किलो पावडर होते, म्हणजे वाळवताना न उडणारा अवशेषही तितक्याच पटीने एकवटतो. मर्यादा ठरवलेल्या असतात अख्ख्या फळावर. त्यामुळे फळ मर्यादेत असलं तरी पावडरीचा आकडा त्याहून मोठा येऊ शकतो.

करायचं एवढंच: एनएबीएल (प्रयोगशाळांना मान्यता देणारं मंडळ) मान्यतेच्या प्रयोगशाळेत पावडरीची मल्टी-रेसिड्यू चाचणी (एकाच वेळी अनेक कीटकनाशकांचे अवशेष तपासणारी), एलसी आणि जीसी दोन्ही मास स्पेक्ट्रोमीटरवर. नमुना एकाच पिशवीतून काढू नका, सगळ्या बॅचेसमधून थोडी थोडी पावडर घेऊन मिसळा आणि शक्यतो अर्धा किलो द्या. फॉर्मवर ‘वाळवलेली लिंबूवर्गीय साल’ असं स्पष्ट लिहा. सालीतलं तेल यंत्राच्या सिग्नलमध्ये ढवळाढवळ करतं, म्हणून त्यांना कॅलिब्रेशनही तशाच सालीत करावं लागतं. नुसतं ‘पावडर’ लिहिलं तर आकडे चुकीचे येतात.

चाचणी महाग आहे. विभागाकडे निधी नसेल तर ज्या बागेतून फळ आणलं तिथली फवारणीची नोंद आणि शेवटची फवारणी ते तोडणी यातले दिवस मागून घ्या आणि पोस्टरवर तेवढं तरी लिहा. धुण्याबद्दल विचारलंच तर दुसरा एक आकडा तुमच्या लॅबमध्येच निघतो: आम्लात न विरघळणारी राख. बिस्किटाला मर्यादा ०.१ टक्के आहे. धुणं कच्चं राहिलं तर सालीला चिकटलेली माती तिथे लगेच दिसते.